पेट स्कॅनला निघण्याआधी: कोणत्या कर्करोगाला कोणतं औषध टोचतात आणि चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पेट-सीटी करून आणा' एवढंच लिहिलेलं असतं. खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणीच्या घरात मग पुढचे प्रश्न ठरलेले: खर्च किती, गाडी कुठली, सोबत कोण जाणार. या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. कोणतं औषध टोचून स्कॅन करायचा आहे?

मशीन तेच असतं. त्यात झोपण्याआधी शिरेतून जे किरणोत्सारी औषध देतात, ते रोगाप्रमाणे बदलतं. औषध चुकलं तर गाठ अंगात असूनही चित्रात दिसत नाही. पैसे, उपवास आणि प्रवास वाया जातो. वर 'स्कॅन नॉर्मल आला' असा खोटा दिलासा मिळतो, आणि नुकसान त्यानेच जास्त होतं.

१. स्कॅन काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, ते आधी ओळखा

सीटी आणि एमआरआय गाठीचा आकार दाखवतात. न्यूक्लियर मेडिसिनचा स्कॅन (पेट हा त्यातलाच) गाठीचा स्वभाव दाखवतो: ती साखर किती खाते, आयोडीन ओढते का, तिच्या पेशींवर ठरावीक रिसेप्टर, म्हणजे औषधाला चिकटायची जागा, आहे का. किरणोत्सारी अणू हा नुसता दिवा. तो कोणत्या रेणूला बांधलाय, त्यावर तो अंगात कुठे जाऊन थांबेल हे ठरतं.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे एफडीजी. ही फ्लोरिन-१८ बांधलेली साखर आहे. पेशी तिला ग्लुकोज समजून आत ओढते, पण पुढे पचवू शकत नाही, त्यामुळे ती आतच अडकते. बरेच कर्करोग साखर अधाशासारखी खातात, म्हणून ते चमकतात.

पण क्षयाची गाठ, न्यूमोनिया, पू, भरत आलेली जखम हेसुद्धा साखर खातात. क्षय आपल्याकडून अजून गेलेला नाही. छातीच्या मधल्या गाठींमध्ये क्षय आणि कर्करोग दोन्ही सारखेच लखलखू शकतात. त्यामुळे 'चमकलं म्हणजे पसरलं' असं नुसत्या चित्रावरून कुणी म्हणालं, तर 'तिथला तुकडा तपासता येईल का?' असं जरूर विचारा. रोगाचं नाव असा तुकडा, म्हणजे बायोप्सी, देतो. तो तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे स्कॅन फार छान सांगतो.

रिपोर्टात एसयूव्ही नावाचा आकडा असतो. एखाद्या जागेनं औषध किती ओढलं, ते तो सांगतो. शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. औषधाची मात्रा, तुमचं वजन, टोचल्यापासून गेलेला वेळ आणि रक्तातली साखर या सगळ्यांनी तो बदलतो. अमुक आकड्याच्या वर कर्करोग आणि खाली नाही, अशी रेघ कुठेही आखलेली नाही.

२. रोगाप्रमाणे औषध: हा भाग सावकाश वाचा

*तोंड, घसा आणि मानेतली गाठ.* तंबाखू, मावा, मिश्री यांच्यामुळे आपल्या पट्ट्यात हा रोग ओळखीचा आहे. इथे एफडीजी चालतं. एक गोष्ट मात्र जपा. मानेतल्या गाठीच्या सुईतपासणीत कर्करोग निघाला आणि तो मूळ कुठून आला हे कळत नसेल, तर स्कॅन आधी आणि दुर्बिणीतून तुकडे काढणं नंतर. आधी तुकडे काढले तर ती जागा सुजते, सुजलेली जागा चमकते आणि खरी जागा त्यात लपते. टॉन्सिल निरोगी असतानाही थोडे चमकतात. दोन्हीकडे सारखे असतील तर सहसा काळजी नसते, एकच बाजू जास्त उजळ असेल तर तुकडा तिथून घेतात.

*लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग).* यालाही एफडीजी. हॉजकिन आणि वेगानं वाढणारे प्रकार खूप चमकतात, संथ प्रकार मंद दिसतात. संथ लिम्फोमाच्या पेशंटमध्ये बाकीच्या गाठी मंद असताना एखादीच भडक दिसली, तर रोगानं तिथे आक्रमक रूप घेतल्याची शंका येते. अशा वेळी काखेत किंवा मानेत हाताला लागणारी सोपी गाठ काढू नये, ती भडक गाठ तपासावी. केमोचा परिणाम बघताना गाठीची चमक यकृताच्या आणि रक्ताच्या चमकेशी ताडून १ ते ५ गुण देतात. या पद्धतीला डोव्हिल स्कोअर म्हणतात. १ ते ३ हा सहसा चांगला निकाल, ४ किंवा ५ असेल तर पुढचा विचार.

*प्रोस्टेट.* हा कर्करोग सुरुवातीला साखर फारशी खात नाही, त्यामुळे नुसत्या एफडीजीवर तो निसटतो. इथे पीएसएमए लागतं, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटणारं औषध. ते बहुधा गॅलियम-६८ ला बांधलेलं असतं, काही ठिकाणी फ्लोरिन-१८ ला. हार्मोनचं इंजेक्शन सुरू होण्याआधी हा स्कॅन करून घेता आला तर उत्तम, कारण त्या औषधानं पेशींवरचं पीएसएमए बदलतं. सगळेच प्रोस्टेट कर्करोग पीएसएमए दाखवत नाहीत, थोडे त्यात चमकतच नाहीत. आणि नावात प्रोस्टेट असलं तरी किडनीचा कर्करोग, थायरॉइडच्या काही गाठी, बरगडीचं जुनं फ्रॅक्चर हेही त्यात उजळतात. बरगडीवर एकच फिका ठिपका दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

*न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर.* स्वादुपिंड, आतडी, फुप्फुस इथल्या, हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या या गाठी. यांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर असतात, म्हणून डोटाटेट किंवा डोटानॉक (थोडक्यात 'डोटा') हे औषध वापरतात. एकाच नावाच्या रोगातले दोन स्वभाव स्कॅननं वेगळे काढायचे म्हणजे काय, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. गाठ डोटावर चमकते आणि एफडीजीवर नाही, तर ती बहुधा संथ. एफडीजीवर भडक आणि डोटावर काळोख, तर ती आक्रमक, आणि तिला केमोच्या अंगानं बघावं लागतं. यकृतात दहा गाठी असतील तर आठ एका स्वभावाच्या आणि दोन दुसऱ्या, असंही घडतं. तुकडा जर संथ गाठीतून घेतला असेल तर तपासणीत केआय-६७ हा वाढीचा आकडा कमी येतो (३ टक्क्यांखाली पहिली ग्रेड, २० च्या वर तिसरी) आणि घातक गाठ नजरेआड राहते. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन सांगितले तर तो वाढीव खर्च वाटला तरी कारण विचारून घ्या. बहुतेक वेळा ते रास्त असतं. डोटावर गाठी चांगल्या चमकल्या तर ल्युटेशियम-१७७ बांधलेलं तसंच औषध देऊन उपचारही करता येतात. प्रोस्टेटमध्ये पीएसएमएचंही तसंच.

*थायरॉइड.* पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकार आयोडीन ओढतात, म्हणून आयोडीन-१३१ चा स्कॅन. मेड्युलरी प्रकार आयोडीनला हातही लावत नाही, त्याच्यासाठी कॅल्सिटोनिनची रक्ततपासणी आणि वेगळं औषध लागतं. ऑपरेशननंतर रक्तात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) वाढतंय पण आयोडीन स्कॅन कोरा, असं झालं तर रोग गेला असं समजू नका. पेशींनी आयोडीन घेणं सोडलेलं असू शकतं, आणि नेमक्या अशाच वेळी एफडीजी उपयोगी पडतं.

*हाडं.* टेक्निशियम-९९एम बांधलेलं एमडीपी टोचून होणारा बोन स्कॅन. स्तन आणि प्रोस्टेटच्या रोगात तो अजूनही कामाचा आहे, आणि पेटपेक्षा बराच स्वस्त. हाड जिथे नवं बनतंय ती जागा तो दाखवतो. गुडघ्याची झीज, दुचाकीवरून पडल्याची जुनी इजा, काढलेला दात, सगळं त्यात उमटतं. उलट मल्टिपल मायलोमा (हाडातल्या मज्जेचा कर्करोग) हाड नुसतं पोखरतो, नवं बनू देत नाही, त्यामुळे बोन स्कॅनवर तो लपतो. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत हाड भरून येतानाही ठिपके वाढलेले दिसू शकतात. त्यावरून लगेच औषध बदलत नाहीत.

लहान मुलांचा न्यूरोब्लास्टोमा आणि अॅड्रिनलच्या (किडनीवरच्या ग्रंथीच्या) फिओक्रोमोसायटोमा या गाठीला एमआयबीजी हे वेगळं औषध आहे. त्याच्या आधी थायरॉइड वाचवायला आयोडीनचे थेंब देतात आणि रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात. किडनीच्या आणि यकृताच्या बऱ्याच कर्करोगांत एफडीजी कमकुवत ठरतं, तिथे चांगला सीटी किंवा एमआरआय आधी. मेंदूचंही तसंच. मेंदू एरवीही साखरेवरच चालतो, तो सगळाच चमकतो, त्यामुळे तिथले छोटे डाग बुडून जातात. मेंदूची शंका असेल तर एमआरआय वेगळा करावाच लागतो.

३. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या

नुसतं 'पेट-सीटी' पुरेसं नाही. डॉक्टरांना विनंती करून या चार गोष्टी लिहून घ्या:

- तुकड्याच्या तपासणीत काय निघालं, किंवा अजून तपासणी झालेली नसेल तर तसं
- कोणतं औषध हवं: एफडीजी, पीएसएमए, डोटा की दुसरं
- प्रश्न काय आहे: मूळ जागा शोधायची, पसरलाय का बघायचं, तुकड्याची जागा ठरवायची की उपचाराचा परिणाम बघायचा
- आधी झालेले उपचार, तारखांसह

दवाखान्यात 'मी सांगू का डॉक्टरांना?' असा संकोच वाटतो. सांगा. 'साहेब, कुठलं औषध टोचायचं ते लिहून देता का, तिकडे विचारतात' एवढं म्हटलं की पुरे. स्कॅन वाचणारे डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतात. प्रश्न माहीत असला तर ते त्या जागेवर थांबून बघतात.

४. कागदपत्रं आणि योजना

- आधार कार्ड, रेशन कार्ड
- तुकडा तपासणीचा रिपोर्ट, शक्य असल्यास काचा आणि मेणाचा ब्लॉक कुठे आहे त्याची नोंद
- जुन्या सीटी, एमआरआय, पेटची सीडी. नुसत्या फिल्म किंवा छापील रिपोर्टावर नीट तुलना होत नाही
- अलीकडचा क्रिएटिनिन रिपोर्ट, कारण सीटीचं कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) किडनीवर येतं
- रोगाप्रमाणे रक्ततपासण्या: प्रोस्टेटला पीएसए, थायरॉइडला टीएसएच, थायरोग्लोब्युलिन
- चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटंच
- ऑपरेशन, केमो, रेडिएशनच्या तारखा

नावाकडे लक्ष द्या. आधारवर आडनाव पुढे, रेशन कार्डावर नुसती आद्याक्षरं, जुन्या रिपोर्टावर तिसरंच स्पेलिंग, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. पत्त्यात कुठे बेळगाव आणि कुठे बेळगावी असेल तर त्याचं फारसं अडत नाही. पेशंटचं नाव जुळलं नाही तर योजनेची मंजुरी मात्र अडते.

कर्नाटकाच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र महत्त्वाचं असतं, त्यामुळे आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर, मिरजेकडे जाणाऱ्यांनी आपलं गाव त्या यादीत आहे का आणि कोणता दाखला लागेल, हे तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) फोनवरच विचारून घ्यावं. दोन्ही योजना मुख्यतः उपचारांच्या पॅकेजवर चालतात. नुसत्या स्कॅनचा खर्च त्यात धरला जाईल असं गृहीत धरून निघू नका. स्कॅन आधी आणि मंजुरी मागाहून, असा परतावा मिळणं अवघड असतं.

५. तारीख ठरवताना

उपचारानंतर घाईनं केलेला स्कॅन फसवतो. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे थांबतात. केमोच्या शेवटच्या डोसनंतर किमान ३ आठवडे. रेडिएशननंतर, म्हणजे लोक ज्याला 'लाईट घेणं' म्हणतात त्यानंतर, १२ आठवडे, कारण तोवर भाजलेली जागाच चमकत राहते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर २ आठवडे जाऊ द्या, नाहीतर सगळी हाडं उजळतात आणि हाडात रोग पसरल्याचा भास होतो. दंडावर नुकतीच कुठली लस घेतली असेल तर तेही सांगा, त्या बाजूची काख चमकते.

डोटा स्कॅनसाठी महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड इंजेक्शन चालू असेल तर पुढचा डोस यायच्या अगदी आधीची तारीख घ्या. आयोडीन स्कॅनला ४ आठवडे थायरॉक्सिन बंद, टीएसएच ३० च्या वर, आणि १ ते २ आठवडे कमी आयोडीनचं जेवण. साधं मीठ आयोडीनचं असतं, ते बंद. कारवार, गोव्याकडून येणारी समुद्राची मासळी, सुकट, सोडे, बेकरीचे पदार्थही बंद. मागच्या दीड-दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचा सीटी झाला असेल तर तो आधी सांगा. त्यातल्या आयोडीननं गाठीचं पोट भरलेलं असतं आणि स्कॅन कोरा येतो.

वेळही पाळावी लागते. एफडीजीची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते, गॅलियमची ६८ मिनिटांत. एफडीजी बनवायला लागणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र सगळीकडे नसतं, औषध बाहेरून गाडीनं येतं आणि तुमच्यासाठी ठेवून देता येत नाही. बेळगावहून हुबळी किंवा कोल्हापूर साधारण १०० ते ११० किलोमीटर आहे. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच तिकडे मुक्काम करा. पीएसएमए आणि डोटा अनेक ठिकाणी ठरावीक वारीच होतात, म्हणून वार विचारल्याशिवाय निघू नका.

६. आदला दिवस आणि ती सकाळ (एफडीजीसाठी)

आदल्या दिवशी अंगमेहनत नको. शेतातलं काम, ओझं, लांबचं चालणं टाळा, नाहीतर दमलेले स्नायू औषध ओढून घेतात. रात्रीचं जेवण हलकं, भात आणि गोड कमी. त्यानंतर स्कॅनपर्यंत किमान ६ तास फक्त साधं पाणी, आणि ते भरपूर.

उपवास मोडतो तो इथे: साखरेचा अर्धा कप चहा, खोकल्याचं गोड औषध, खडीसाखर, ग्लुकोजचं सलाईन, 'पोटात काही नाही म्हणून' दिलेला कुंद्याचा घास. तंबाखू, गुटखा, पान, सुपारी हेही आदल्या रात्रीपासून बंद. चघळल्यानं जबड्याचे स्नायू चमकतात, आणि तोंडाच्या कर्करोगात वाचणाऱ्याला नेमकी तीच जागा स्वच्छ हवी असते.

थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालून निघा. पहाटेच्या गार वाऱ्यात दुचाकीवर गेलात तर मानेतली आणि खांद्यातली तपकिरी चरबी उष्णता तयार करू लागते, तीही साखर खाते, आणि चित्रात ती गाठींसारखी दिसते.

मधुमेह असेल तर वेळ घेतानाच तसं सांगा. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. ती खाली आणायला ऐनवेळी स्वतःच्या मनानं इन्शुलिन टोचू नका. झटपट काम करणारं इन्शुलिन आणि एफडीजी यांच्यात किमान ४ तास हवेत, नाहीतर औषध सगळं स्नायूंत जातं आणि गाठ उपाशी राहते. मेटफॉर्मिननं आतडी उजळतात. पोटाचा रोग असेल तर ती २ दिवस आधी थांबवायची का, हे डॉक्टरांनाच विचारा.

पीएसएमए आणि डोटाला असा उपवास सहसा लागत नाही.

७. केंद्रावर

वजन तिथेच करून घ्या, अंदाजानं सांगू नका. एसयूव्ही त्याच वजनावरून काढतात. स्तनाचा रोग असेल तर सुई निरोगी बाजूच्या हातात द्यायला सांगा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर त्या बाजूची काख खोटी चमकते. टोचताना आग झाली किंवा फुगलं तर गप्प राहू नका, लगेच सांगा.

टोचल्यावर तासभर शांत बसून राहायचं असतं. बोलणं, मोबाइल, येरझाऱ्या नकोत. मशीनवर जाण्याआधी लघवी करून या. कपड्यावर लघवीचा थेंब पडला तर तोही ठिपका होऊन दिसतो, म्हणून बदलायला एक लुंगी किंवा गाऊन जवळ असू द्या. स्कॅनला साधारण २० मिनिटं लागतात, हात डोक्यावर ठेवून. खांदा दुखत असेल तर आधीच सांगा.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. पाळी चुकली असेल किंवा अंगावर दूध पाजत असाल तर सुई टोचण्याआधीच सांगा. आयोडीन-१३१ साठी अंगावरचं दूध पूर्ण तोडावं लागतं.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

पहिलं पान आधी बघा: औषधाचं नाव, त्या वेळची रक्तातली साखर, टोचल्यापासून स्कॅनपर्यंतचा वेळ. पुढच्या वेळी तुलना करायची तर हे सगळं जवळपास सारखं हवं, आणि शक्यतो मशीनही तेच. 'फिजिऑलॉजिकल' म्हणजे नेहमीची चमक: मेंदू, हृदय, मूत्राशय, आतडी. 'इन्फेक्टिव्ह' किंवा 'इन्फ्लमेटरी' म्हणजे संसर्ग अथवा सूज वाटते. 'हिस्टोपॅथॉलॉजिकल कोरिलेशन' हे शब्द दिसले की तुकडा तपासून खात्री करायला सांगितलंय, हे लक्षात घ्या. रिपोर्टातली हीच ओळ घरच्यांकडून सर्वांत जास्त वेळा सुटते.

सीडी मागून घ्या आणि निघण्याआधी तिच्यावरचं नाव व तारीख तपासा. परतताना भरपूर पाणी प्या. एफडीजीनंतर त्या दिवशी ५-६ तास लहान मुलांना मांडीवर घेऊ नका आणि गरोदर बाईच्या शेजारी बसू नका. परतीच्या बसमध्येही हे पाळा, जागा बदलून मागितली तर लोक देतात.